सगळ्या खोडींसकट

मी एक कासरा बोलतोय; पण जे सांगणार आहे त्यातलं मला खरोखर किती आठवतं आणि ऐकून ऐकून आपलं मानलेलं किती, याची मला खात्री नाही. माझ्या काचपेटीत एक चिठ्ठी लावलेली आहे. ऑल्डरविक या इंग्रजी गावच्या बाजारात एका माणसाने आपली बायको याच कासऱ्याला बांधून विकली, असं तिच्यावर लिहिलं आहे. चिठ्ठी ठाम आहे. मी नाही.

माझा जन्म एका दोरवाल्याच्या लांबलचक पडवीत झाला. दोर वळणारा माणूस कमरेभोवती तंतूंचा गुंता गुंडाळतो आणि उलट्या पावलांनी मागे मागे चालत जातो. त्याच्या बोटांमधून दोर निघत राहतो. मला जन्म देणारा माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून दूर जात होता, हे माझं पहिलं स्मरण. पण तसं ते प्रत्येकच दोराचं असणार. ते माझं एकट्याचं कसं म्हणू?

त्या सौद्याची गोष्ट अशी सांगतात. बाईचं नाव तबिथा. नवरा खिळे घडवणारा. त्याने तिच्या गळ्यात कासरा घातला, तिला लोणीबाजाराच्या दगडी मांडवाखाली आणलं आणि पाणचक्कीवरच्या एका गड्याला बियरचा मोठा चंबू आणि एक कुत्रा घेऊन देऊन टाकलं. आपण काही वावगं करतो आहोत असं त्या माणसांना वाटत नव्हतं. बाजार भरलेला हवा, गळ्यात कासरा हवा आणि जनावराची भरतात तशी तिचीही जकात भरलेली हवी. एवढं झालं की जुनं लग्न सुटलं, नवं लागलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. कुठल्याही कायद्यात असं नव्हतं. ऑल्डरविकात होतं.

मला त्यातलं आठवतं ते इतकंच की माझ्या वेढ्यात एक गरम मान होती आणि ती सारखी आवंढा गिळत होती. ती तबिथाची होती की एखाद्या कालवडीची, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे मी खानावळीच्या तबेल्यात एका खुंटीवर पडून राहिलो. मग कुणीतरी मला वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेऊन टांगलं. त्या खोलीत गावाच्या इतिहास मंडळाची व्याख्यानं होत. धर्मगुरू बोलत, निवृत्त शिक्षक बोलत, बाहेरून विद्वान येत. लोक डुलक्या घेत, मी ऐकत असे. माझं शिक्षण असं झालं. त्याचा परिणाम एवढाच की ठामपणे सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास बसेनासा झाला, आणि त्यात माझी स्वतःची आठवणही आली.

क्लिफर्ड हेब्डनने मला खाली काढलं तेव्हा मी पार वाळून गेलो होतो.

क्लिफर्ड म्हणजे आमच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस. त्याच्या हाताबद्दल गावात बोललं जाई. जनावर रिंगणात शिरायच्या आधी तो त्याच्या मानेवरून, पुठ्ठ्यावरून एकदा तळवा फिरवी, आणि कातडीखाली काय दडलं आहे ते त्याच्या अंगठ्याला कळे. कुणी गाठ असलेली गाय आणली तर तो सगळ्यांदेखत म्हणे, "घरी ने रे हिला. आधी डॉक्टरला दाखव, मग माझ्याकडे ये." हे मी पाहिलेलं नाही. पण मंडळातले लोक अजूनही सांगतात.

बाजाराचा रिवाजच तसा होता. जनावराची लपलेली खोड विकणाऱ्याला ठाऊक असेल तर ती त्याने आधी सांगायची. ज्याला काहीच सांगायचं नसे त्याच्यासाठी एक पळवाट होती. लिलाव सुरू होताना 'सगळ्या खोडींसकट' असं म्हणायचं. मग पुढे काहीही निघो, विकणारा बांधील नाही.

गुरांचा बाजार बंद पडला आणि त्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. क्लिफर्डचा आवाज मात्र तसाच राहिला होता आणि त्याला जायला जागा नव्हती. म्हणून त्याने शनिवारचा फेरफटका सुरू केला. पाहुण्यांना चर्चच्या मनोऱ्यापासून घ्यायचं, मेंढीगल्लीच्या बोळातून न्यायचं, जिथे जुन्या काळी चोरांना खोड्यात अडकवत ती जागा दाखवायची, आणि शेवटी लोणीबाजाराच्या मांडवाखाली आणून तबिथाचा सौदा करून दाखवायचा. ईस्टर झाला की हंगाम सुरू होई आणि सप्टेंबरच्या अखेरीस संपे.

तबिथा व्हायची त्याची बायको, एव्हिस. ती शाळेत मुलांना जेवण वाढायची. अंगाने भरलेली, बोलायला तिखट. पहिल्या शनिवारी तिने मला हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "क्लिफ, याला तबेल्याचा वास येतोय."

"ऐतिहासिक वास आहे तो."

"मग तूच घाल की गळ्यात." पण तिने मान पुढे केली.

सुरुवातीची ती वर्षं बरी होती, असं मी म्हणतो. क्लिफर्ड माझी गाठ तिच्या डाव्या कानाखाली मारी, काठी दगडावर आपटी आणि बाजाराच्या जुन्या आवाजात सुरू करी.

"बोला मंडळी. वयाने जाणती, दाताने शाबूत, म्हणजे निदान वरचे तरी नवे आहेत. चहा फक्कड करते. तोंड जरा जास्त चालतं."

"तुझ्यापेक्षा कमीच," एव्हिस म्हणे.

"ऐकलंत? लाथाही मारते."

"जवळ येशील तर मारीन. याला बोलण्यातून फुरसत कुठे आहे जवळ यायला."

लोक हसत. मग गर्दीतून बोली येई. कुणी म्हणे, डुकराच्या मांसाचं पॅटिस देतो. दुसरा म्हणे, मी छत्री देतो. "छत्रीला भोक आहे का?" क्लिफर्ड विचारी. "आहे." "मग जमेल, हिच्या तोंडातूनही सगळं गळतं." शेवटी तो हात उंचावून म्हणे, "सगळ्या खोडींसकट. एकदा. दोनदा." काठी दगडावर आपटे. एव्हिस गुडघा वाकवून सगळ्यांना नमस्कार करी.

खेळ संपला की ती मला स्वतः गळ्यातून काढी, नीट वेटोळं करी आणि म्हणे, "चला म्हातारबा, घरी." इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस.

लोकांना काय आवडतं ते क्लिफर्डला चटकन कळे. तिखट उत्तराला हसू येतं, पण जिच्यावर बोललं तिला उत्तर देता आलं नाही की त्याहून मोठं हसू येतं, हे त्याने हेरलं. मग तो तिच्या गुडघ्यांवर बोलू लागला, तिच्या बहिणीवर बोलू लागला, जिलियन या मुलीनंतर मूल झालं नाही त्यावरही एकदा बोलला. एव्हिस त्या दिवशी गप्प राहिली. सगळ्यात मोठा हशा त्याच दिवशी झाला.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे त्याकडे येतो.

ईस्टरनंतरचा पहिला शनिवार. सगळा हिवाळा मी खुंटीवर काढला होता. क्लिफर्डने मला एव्हिसच्या गळ्यात घातलं आणि गाठ उजव्या कानाखाली मारली. मला वाटलं, हिवाळ्यात विसरला असेल. म्हातारी माणसं विसरतात. एव्हिसच्या गळ्यात रेशमी रुमाल होता, ऊन असूनही. डाव्या बाजूला माझ्याखाली काहीतरी होतं, वाटाण्याएवढं. मी समजलो, रुमालाची गाठ असेल.

पुढच्या शनिवारी रुमाल सैल होता आणि ते तिथेच होतं.

मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो की हे मला तेव्हाच कळलं होतं का. की नंतर जे झालं ते माहीत झाल्यावर मी मागे जाऊन तो वाटाणा तिथे ठेवला? माझ्यासारख्याच्या साक्षीला काय किंमत. पण जूनमध्ये ते अक्रोडाएवढं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. तिने आवंढा गिळला की ते माझ्याखाली वर सरके आणि पुन्हा खाली येई.

एव्हिसची उत्तरं कमी होत गेली. आवाज घोगरा झाला. क्लिफर्ड तिची उत्तरंही स्वतःच देऊ लागला. "आता ही म्हणेल, तुझ्यापेक्षा कमीच," असं म्हणून तो बायकी आवाज काढी, आणि लोकांना ते जास्तच आवडे. ती वाळली तेव्हा त्याने पुकाऱ्यात भर घातली: "वजनाला हलकी, चारा कमी लागतो." हे बोलताना तो तिच्याकडे पाहत नसे. समोरच्या धान्यबाजाराच्या घड्याळाकडे पाही.

मला दोरापलीकडे काही कळत नाही. पण एक कळे. तो गाठ उजवीकडे मारी आणि डावीकडून मला दोन बोटं घालून सैल करी. दर शनिवारी. न चुकता.

ऑगस्टमध्ये सुटीची गर्दी होती. खेळ संपल्यावर पावसाळी कोट घातलेली एक बाई मागे रेंगाळली. बोलण्यावरून स्कॉटलंडकडची वाटली.

"बाई, हे मानेला काय झालंय तुमच्या?"

"कासऱ्याने घासलंय," एव्हिस मला गुंडाळत म्हणाली. "फार खरखरीत आहे हा."

"मी इस्पितळात नर्स आहे. दोराने असं होत नाही. कुणाला दाखवलंत?"

"हंगाम संपला की जाणारच आहे. आत्ता कुठे त्यांना त्रास द्यायचा."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"डॉक्टरांना. किती कामं असतात त्यांना."

ती बाई क्लिफर्डकडे वळली. तो हाताच्या अंतरावर उभा राहून काठीचं टोक रुमालाने पुसत होता. "साहेब, तुम्ही यांचे यजमान ना? ही गाठ बघितलीत?"

"ही कुणाचं ऐकते होय," क्लिफर्ड हसून म्हणाला. "चला, चहा थंड होतोय."

एव्हिसही हसली. त्या नर्सने कोटाची बटणं लावून घेतली. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत किती बोलायचं याची एक रेघ या लोकांच्या मनात असते. तिने ती ओलांडली होती, आणि आता तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. "माफ करा हं," ती म्हणाली आणि गेली.

मी मात्र तिथून पुढे स्वस्थ राहिलो नाही. एव्हिस म्हणाली होती की हे माझ्यामुळे झालं आहे. तिने ते थाप म्हणून सांगितलं असेल, पण खरखरीत तर मी आहेच. दर शनिवारी, इतकी वर्षं, त्याच मानेवर, त्याच जागी. आधी वाटाणा होता आणि मग मी तिथे घासलो, की मी घासत राहिलो आणि मग वाटाणा झाला? पहिल्या शनिवारी ते तिथे होतं असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याचं काय सांगावं.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार आला. वारा होता, माणसं थोडी होती. एव्हिस सगळा फेरफटका चालू शकली नाही; ती मांडवाखालच्या बाकावर बसून त्यांची वाट पाहत राहिली. लोक आले तशी उठली. क्लिफर्डने मला तिच्या गळ्यात इतकं सैल घातलं की मी जवळजवळ खांद्यावरच पडलो.

"बोला मंडळी," त्याने सुरू केलं. वय झालं, दात झाले, चहा झाला. एका तरुण बाप्याने टॉफीची पिशवी बोलली. त्यावर कुणी चढलं नाही. क्लिफर्डने हात उंच केला आणि तो तसाच राहिला.

आता फक्त ते दोन शब्द म्हणायचे होते. तो बोलेना. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे. ते हसायची तयारी करून थांबले.

"सगळ्या खोडींसकट, क्लिफ," एव्हिस हळूच म्हणाली. "म्हण की. लोक थांबलेत."

लोक खूप हसले. क्लिफर्डने ते शब्द म्हटले नाहीत. "एकदा, दोनदा," एवढंच म्हणाला. काठी आपटली नाही, नुसती दगडावर टेकवली. टॉफीवाल्याने पिशवी पुढे केली तेव्हा एव्हिसने एक घेतली, त्याचे आभार मानले आणि ती न उलगडता मुठीत धरून ठेवली. गिळणं तिला जमत नव्हतं.

मला तिने गुंडाळलं, पण ती काही बोलली नाही.

डॉक्टरांकडे ती ठरल्याप्रमाणे हंगाम संपल्यावर गेली. नाताळाच्या आधीच तिला पुरलं.

अंत्यविधीनंतरचा चहा आमच्या वाचनालयातच ठेवला होता. मी वरच्या खोलीत परत खुंटीवर होतो. जिलियन जिना चढून आली. तिच्यामागे मंडळाच्या अध्यक्षीणबाई, आणि सगळ्यांच्या मागे क्लिफर्ड, हातात बशी घेऊन.

"हा खाली काढा," जिलियन म्हणाली. "मला जाळायचाय तो."

"अगं जिलियन, तो गावाचा ठेवा आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"आईच्या मानेवर घासून घासून झालं ते. तिनेच मला फोनवर सांगितलं. दोराने घासलंय, हंगाम संपला की बरं होईल, म्हणाली. मी विश्वास ठेवला." तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही सांगा ना यांना."

क्लिफर्ड काय सांगतो याकडे माझं सगळं लक्ष होतं. त्याच्या बशीत काकडीचे सँडविच होते. त्याने एक उचलून तोंडात घातलं.

मला जाळलं नाही. त्यानंतर क्लिफर्डने फेरफटका सोडला आणि जिलियनने या इमारतीत पाऊल टाकणं सोडलं. मंडळाने माझ्यासाठी काचपेटी केली. आता फेरफटका मंडळच चालवतं आणि पाहुण्यांच्या कानात यंत्र असतं. त्यातला माणूस तबिथाची गोष्ट सांगतो, ती हसत हसत नव्या घरी गेली म्हणतो, आणि सगळे एकाच वेळी हसतात, कारण विनोद सगळ्यांच्या कानात एकाच वेळी पोचतो. खाली दुकानात नायलॉनचे कासरे मिळतात. नवरे ते बायकांच्या गळ्यात घालून फोटो काढतात. मी वरून पाहतो. तुम्ही कधी आलात तर फोटो जरूर काढा, मी कोण अडवणार. पण गळ्यात घालताना मानेवरून एकदा हात फिरवा, आणि हाताला काही लागलं तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, बोला. मला बोलता आलं नाही. माझी तेवढी सबब तरी खरी आहे.

की तीही नाही? कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की जिलियनचंच बरोबर आहे, घासून घासून मीच ते केलं. एकदा एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं आणि घासण्याने असा रोग होत नाही असं ते ओघात म्हणाले. खात्रीने म्हणाले. पण खात्रीने बोलणारे मी या खोलीत पुष्कळ ऐकले आहेत.

मग एका दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि जिलियन चाकाची खुर्ची ढकलत आली. तिचे केस पांढरे झाले होते. खुर्चीत क्लिफर्ड होता, मांडीवर घोंगडी, हात घोंगडीवर. तोच इथे यायचं म्हणत होता, असं ती पहारेकऱ्याला सांगत होती. तिने खुर्ची माझ्यासमोर आणली, पण स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"बघून झालं की सांगा, बाबा. मला याच्याकडे बघवत नाही."

"कासऱ्याने काही केलं नाही," क्लिफर्ड म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"काय म्हणालात?"

"फेब्रुवारीत लागली होती माझ्या हाताला. चर्चला निघालो होतो, तिच्या कोटाची कॉलर मी नीट केली, तेव्हा. डाव्या बाजूला. एवढीशी."

जिलियन वळली. "फेब्रुवारीत?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"ती काही बोलली नाही. मला वाटलं, हिला माहीत नसेल तर उगीच कशाला घाबरवा. माहीत असेल तर तिला ते लपवायचं असेल." त्याने घोंगडीची कड चिमटीत धरली. "मग फेरफटक्याचं सगळं ठरलेलं होतं."

"ती मला म्हणाली, तुझ्या बाबांना सांगू नकोस, घाबरतील."

क्लिफर्डने मान हलवली. हे त्याला नवीन नसावं, किंवा असावं. मला सांगता येत नाही. मग तो म्हणाला, "जनावर असतं तर रिंगणातून बाहेर काढलं असतं मी."

घोंगडी एका बाजूने जमिनीवर लोळत होती, ती उचलून जिलियनने त्याच्या पायाखाली खोचली आणि खुर्ची लिफ्टकडे वळवली.

क्लिफर्डच्या सांगण्यावर तरी किती भरवसा ठेवायचा, असं नंतर मला वाटलं. म्हातारा माणूस महिने विसरतो. पण पुढच्या हिवाळ्यात मंडळाच्या बैठकीत पुढच्या फेरफटक्याची तारीख ठरवताना कुणीतरी मागच्या वर्षांचे ईस्टर वाचून दाखवले, आणि एव्हिसचं वर्षही त्यात आलं. त्या वर्षी ईस्टर उशिरा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला होता. म्हणजे क्लिफर्ड महिनाभर चुकला असला, तरी ती गाठ त्याच्या हाताला लागली तेव्हा मी अजून खुंटीवरच होतो.